उलटं कोरलेलं नाव

घरातल्या शोकेसकडे एकदा नजर टाका बघू. मुलांच्या वक्तृत्व स्पर्धेची, यजमानांच्या पतसंस्थेची आणि कुठंतरी मागच्या रांगेत तुमच्या स्वतःच्या पाककला स्पर्धेची नाहीतर झिम्मा-फुगडीची एखादी ट्रॉफी असेलच. पूर्वी पितळेचे कप मिळायचे, ते चिंच लावून घासावे लागायचे. मग सोनेरी मुलाम्याच्या, प्लास्टिकच्या पंखवाल्या बाईच्या ट्रॉफ्या आल्या. वर्षा-दोन वर्षांत मुलामा उडायचा आणि बाई पांढरी पडायची! आता सगळीकडे दिसते ती आरपार, चकचकीत 'काचेची' ट्रॉफी. गंमत म्हणजे बहुतेक वेळा ती काच नसतेच. ते असतं अ‍ॅक्रिलिक.

ही ट्रॉफी बनते कशी, ते बघायला मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत गेले होते. बक्षिसाचं अप्रूप या गावाला जरा जास्तच. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग कुस्ती मैदान याच भागातलं. महाराष्ट्र केसरीच्या चांदीच्या गदेचं स्वप्न बघत इथल्या तालमींत पोरं घाम गाळतात. शाहू स्टेडियमवर पेठापेठांच्या फुटबॉल संघांची चुरस असते. आणि पदकं काही फक्त पुरुषांनीच आणली नाहीत हं. याच कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला नेमबाजीत जगज्जेतेपद मिळवलं, तर राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक. पण गदा आणि पदकं मोजक्यांच्याच नशिबी. गल्लीतल्या बाकी सगळ्यांसाठी असते ती ट्रॉफी.

बोळातलं छोटंसं वर्कशॉप. नवरा मशीन बघतो, बायको कॉम्प्युटरवर बसते. मी त्यांना वहिनी म्हणू लागले, त्या मला ताई. शाळांची गॅदरिंग, फुटबॉलचा हंगाम आणि ८ मार्चचा महिला दिन एकामागोमाग येतात, त्यामुळे जानेवारी ते मार्च त्यांना जेवायलाही फुरसत नसते.

आधी हे अ‍ॅक्रिलिक म्हणजे काय ते सांगते. हे एक प्रकारचं प्लास्टिकच, पण काचेपेक्षा निम्म्या वजनाचं आणि पडलं तरी सहसा ठिकऱ्या न उडणारं. १९३० च्या दशकात जर्मनी आणि इंग्लंडमध्ये ते बाजारात आलं आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या छताला वापरलं गेलं. छत फुटून त्याचे कण वैमानिकांच्या डोळ्यांत घुसायचे, पण डोळा ते कण निमूट सहन करतो, हे हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये लंडनला मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तीही याच पदार्थाची. आपल्याकडे मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून अशा लेन्स स्वस्तात बनवायला घेतल्या. कवळीचा गुलाबी भागही बहुधा याचाच असतो. म्हणजे बघा, शोकेसमध्ये सुनेची ट्रॉफी, वाटीत सासूबाईंची कवळी आणि त्यांच्या डोळ्यात लेन्स, सगळं एकाच घराण्यातलं!

वर्कशॉपमध्ये दोन्ही बाजूंना कागद चिकटवलेले मोठे शीट येतात. त्यातही दोन जाती. एक 'कास्ट', म्हणजे दोन काचांच्या मध्ये पातळ रसायन ओतून थिजवलेलं. दुसरं यंत्रातून शेवेसारखं दाबून काढलेलं, ते स्वस्त पडतं. पण कोरायला कास्टच हवं. त्यावर अक्षर दुधासारखं पांढरं उमटतं, स्वस्तातल्यावर मात्र फिकट आणि चिकट येतं. ऑर्डर देताना 'कास्टच वापरता ना?' एवढं विचारलंत तरी दुकानदार तुम्हाला जाणकार समजतो.

कोरायचं काम लेसरचं. मशीनमध्ये कार्बन डायऑक्साइड वायू भरलेली काचेची लांब नळी असते, ती सतत पाण्यानं थंड ठेवतात. तिच्यातून निघणारा किरण डोळ्यांना दिसत नाही. तो आरशांवरून वळत वळत एका भिंगापर्यंत येतो आणि भिंग त्याला सुईच्या टोकाएवढा करतं. आधी कोरतात, मग कापतात. आधी कापलं तर तुकडा हलून अक्षर तिरकं जायचं. कोरताना मशीनचं डोकं इचलकरंजीच्या मागावरच्या धोट्यासारखं इकडून तिकडं पळतं आणि नाव एकेका बारीक ओळीनं विणलं जातं. लेसर खरं तर पांढरा रंग भरत नाही. उष्णतेनं पृष्ठभाग खरबरीत होतो आणि त्यावर उजेड विखुरतो, इतकंच. बर्फाची लादी आरपार दिसते, पण किसून गोळा केला की पांढरा दिसतो ना, तसंच. दिव्याच्या बैठकीवर ठेवलेल्या ट्रॉफीत अक्षरं का उजळतात, त्याचंही उत्तर हेच. खालून शिरलेला उजेड आतल्या आत पळत राहतो आणि जिथं ओरखडा सापडेल तिथूनच बाहेर पडतो.

कापताना मात्र वास सुटतो, दातांच्या दवाखान्यात येतो तसा. म्हणून धूर ओढणारा पंखा लागतोच. पीव्हीसीचा तुकडा या मशीनमध्ये चुकूनही घालत नाहीत. त्यातून निघणारा वायू माणसाला घातक, आणि मशीनही गंजतं. ट्रॉफी बैठकीला चिकटवायला गोंद नसतो. सिरिंजनं क्लोरोफॉर्मचे चार थेंब फटीत सोडायचे. चहात बुडवलेल्या बिस्किटात चहा चढतो तसे ते आत ओढले जातात, दोन्ही पृष्ठभाग किंचित विरघळतात आणि एकजीव होतात. हे काम खिडकी उघडी ठेवून, मास्क लावून. वहिनी मुलांना त्या टेबलाजवळ फिरकू देत नाहीत, ते बघून मला बरं वाटलं.

जाता जाता एक घरगुती सूचना. ही ट्रॉफी काच पुसायच्या स्प्रेनं किंवा स्पिरिटनं पुसू नका. लेसरनं कापलेल्या कडांवर त्यानं केसासारख्या बारीक चिरा पडतात. कोरड्या फडक्यानंही नको, धूळच ओरखडे काढते. साबणाचे दोन थेंब घातलेलं पाणी आणि मऊ सुती कापड पुरे.

पण खरी कसोटी नावाची. चांगल्या ट्रॉफीवर नाव मागच्या बाजूनं कोरतात, म्हणजे पुढचा भाग गुळगुळीत राहतो आणि अक्षरं आत तरंगल्यासारखी दिसतात. त्यासाठी नाव आरशातल्यासारखं उलटं करावं लागतं. त्यात आपली देवनागरी! प्रत्येक अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षरावर चढलेली असते. ती कॉम्प्युटरवर नीट जोडून घेतली नाही, तर जिथं रेघ रेघेवर येते तिथंच पोकळ चौकोन राहतो. फाँट बदलला की ऐश्वर्याचा रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. "ताई, सुलटं असताना मी दोनदा वाचतो आणि उलटं केल्यावर एकदा," वहिनी म्हणाल्या. (आमच्या कोल्हापूरकडच्या बायका 'मी वाचतो'च म्हणतात, बरं का!) "एकदा कोरलं की खोडरबर न्हाई. शीट वाया जातंय आणि त्या बाईचा दिवस बी."

मी तिथं असतानाच एका महिला मंडळाची यादी आली. अठरा नावं. सोळांच्या आधी 'सौ.', दोघींच्या आधी 'श्रीमती'. वहिनी थोडा वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे आमच्याकडं रोजचंच हाय. पुरुषाच्या ट्रॉफीवर त्याची बायको हाय का गेली, ते कोण लिवतंय?" शिलाई उत्तम म्हणून, बचत गट नेटानं चालवला म्हणून बक्षीस मिळतं, आणि शोकेसमध्ये कायमचं काय राहतं, तर नवरा आहे की नाही याची नोंद. मला हे पटत नाही. ज्यांना 'सौ.' आवडतं त्यांनी ते जरूर लावावं, पण विचारून. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सगळ्या राज्यानं त्याची दखल घेतली. कुंकू, मंगळसूत्र, बांगड्यांवर एवढी चर्चा झाली, मग या दोन-तीन अक्षरांवरही व्हायला हरकत नाही.

नावाची रीत बदलतेही आहे. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम महाराष्ट्र सरकारनं ठरवला. ही मुलं अजून बालवाडीच्या उंबरठ्यावर आहेत. पण त्यांच्याहून मोठ्या मुलांचे काही पालकही आईचं नाव घालायला सांगतात, असं वहिनी म्हणाल्या. ओळ लांबते, अक्षर बारीक करावं लागतं. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती.

त्या अठरा नावांच्या मंडळाला त्यांनी फोन लावला. "नावापुढचं काढू का सगळ्यांचंच? अक्षर मोठं बसंल," एवढंच म्हणाल्या. पलीकडून थोडी कुजबुज ऐकू आली, मग 'विचारून सांगते' असं उत्तर आलं. तासाभरानं होकार आला. अठरापैकी एकीनं मात्र आपलं 'सौ.' ठेवायला सांगितलं होतं, तिचं ठेवलं. बाकी सतरा नावं वहिनींनी दोन पॉइंटनं मोठी केली, शिरोरेघा पुन्हा जोडल्या, एकेक नाव मोठ्यानं वाचलं आणि उलटी करून मशीनकडे पाठवली.