मॅच बघायला बसताय? तुमचं एक वाक्य निकाल फिरवू शकतं

मावसभाऊ म्हणतो, ‘आज रात्री आमची टुर्नामेंटची मॅच आहे, बघायला ये.’ तुम्ही डिस्कॉर्डवर त्यांच्या व्हॉइस चॅनेलमध्ये शिरता आणि गेममध्ये प्रेक्षक म्हणून जोडले जाता. थोड्या वेळाने तुम्हाला दिसतं की भिंतीपलीकडे एक जण बंदूक रोखून दबा धरून बसलाय आणि आपला भाऊ सरळ त्याच्याच दिशेने चाललाय. तोंडातून आपसूक निघतं, ‘अरे, डावीकडे आहे तो!’

भाऊ वाचतो, टीम राउंड जिंकते. पण समोरच्या टीमने तक्रार केली आणि आयोजकांना ते पटलं, तर अख्खी मॅच हातची जाऊ शकते. चूक भावाची नसते, तुमच्या मनातही लबाडी नसते. तरीही याला गेमिंगच्या भाषेत नाव आहे: घोस्टिंग. म्हणजे जो खेळत नाही, त्याने खेळणाऱ्याला माहिती पुरवणं.

प्रेक्षकाला जास्त दिसतं, अडचण तिथेच आहे

क्रिकेटच्या मैदानात तुम्ही स्टँडमधून कितीही ओरडलात तरी बॅट्समनला फरक पडत नाही. जो बॉल तुम्हाला दिसतो, तोच त्यालाही दिसतो, आणि तुमच्यापेक्षा चांगला दिसतो. ऑनलाइन टीम गेमचं गणित उलटं आहे. ते पत्त्यांच्या डावासारखं आहे. मागे उभं राहून सगळ्यांचे पत्ते बघणाऱ्याने तोंड उघडलं की डाव मोडतो.

‘काउंटर-स्ट्राइक’चंच उदाहरण घ्या. पाच विरुद्ध पाच खेळाडू. एक टीम बॉम्ब लावायला येते, दुसरी तिला अडवते. स्पर्धांमध्ये एक राउंड 1 मिनिट 55 सेकंदांचा असतो, आणि बॉम्ब लागला की 40 सेकंदांत फुटतो. समोरचे पाच जण कुठे आहेत, हे ओळखणं हाच निम्मा खेळ. त्यासाठी खेळाडू पावलांचे आवाज ऐकतात, अंदाज बांधतात, एकमेकांना सांगतात. प्रेक्षकाला मात्र दहाही जण भिंतींच्या आरपार दिसू शकतात.

नवख्यांचा एक गोंधळ इथे होतो. राउंडमध्ये मेलेला खेळाडू तर साथीदारांशी बोलतोय, मग मी का नाही? कारण स्पर्धेत मेलेल्या खेळाडूला फक्त स्वतःच्या साथीदारांच्याच नजरेतून बघता येतं, आणि तो त्या पाचांपैकीच एक आहे. तुम्ही सहावे आहात.

मोठ्यांनाही हे भोवलंय

ही नियमांची फाजील काटेकोरी वाटत असेल, तर मागे जाऊन दोन प्रकरणं बघा. 2012 मध्ये ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या जागतिक स्पर्धेत अझुबू फ्रॉस्ट या कोरियन टीमच्या एका खेळाडूने प्रेक्षकांसाठी लावलेल्या मोठ्या पडद्याकडे मान वळवून पाहिलं. त्या पडद्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या हालचाली दिसत होत्या. गेम बनवणाऱ्या रायट गेम्सने टीमला 30 हजार डॉलरचा दंड केला.

दुसरं प्रकरण जास्त गंभीर. ‘काउंटर-स्ट्राइक’च्या स्पर्धांमध्ये प्रशिक्षकही एका अर्थाने प्रेक्षकच. 2016 मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या मोठ्या स्पर्धांमध्ये राउंड चालू असताना प्रशिक्षकाने बोलण्यावर बंदी घातली आणि टाइमआउट, मध्यंतर अशा वेळाच मोकळ्या ठेवल्या. त्यानंतर गेममधला एक बग उघड झाला. त्यामुळे प्रशिक्षकाचा कॅमेरा नकाशावर एका जागी अडकायचा आणि जे दिसू नये ते त्याला दिसायचं. काहींनी ते कळवण्याऐवजी गप्प राहून बघत राहणं पसंत केलं. सप्टेंबर 2020 मध्ये ई-स्पोर्ट्स इंटिग्रिटी कमिशनने एकाच वेळी 37 प्रशिक्षकांवर बंदीची कारवाई केली.

म्हणूनच मोठ्या स्पर्धांमध्ये खेळाडूंच्या कानात इअरफोन आणि त्यावर पुन्हा हेडसेट असतो, त्यात सततचा घरघराट सोडलेला असतो, म्हणजे प्रेक्षकांच्या आरोळ्यांवरून काही कळू नये. काही ठिकाणी तर खेळाडूंना काचेच्या बंद खोलीत बसवतात.

‘लाइव्ह’ म्हणजे अगदी लाइव्ह नाही

यूट्यूबवर किंवा गेमच्या आतल्या टीव्हीवर मॅच बघताना ती मुद्दाम उशिरा दाखवलेली असते. ‘डोटा 2’मध्ये हा उशीर साधारण दोन मिनिटांचा, ‘लीग ऑफ लेजंड्स’मध्ये तीन मिनिटांचा. स्ट्रीम बघून त्याच खेळाडूला गेममध्ये गाठणं, ज्याला स्ट्रीम स्नायपिंग म्हणतात, ते रोखण्यासाठी ही सोय आहे. त्यामुळे भाऊ मॅच खेळत असताना त्याला ‘काय मारलंस रे!’ असा मेसेज टाकलात, तर तो तोवर कधीच हरलेला असू शकतो. आणि त्याने स्वतःची स्क्रीन थेट शेअर केली असेल, तर तिथे असा उशीर नसतो. ती लिंक चार ग्रुपवर फिरवायची नाही.

बसायचं कसं?

माइक बंद. ही पहिली आणि जवळपास शेवटची गोष्ट. तुमच्या घरचा मिक्सर, कुकरच्या शिट्ट्या, कुत्र्याचं भुंकणं, सगळं पाच जणांच्या कानात जातं, आणि तिथे पावलाचा एक आवाज राउंड ठरवतो. त्याहून बरं म्हणजे टीमच्या व्हॉइस चॅनेलमध्ये शिरूच नका. फक्त गेम बघा.

एका टीमचा एकच खेळाडू उरला आणि समोर दोघे-तिघे असले, की त्याला क्लच म्हणतात. अशा वेळी मेलेले चौघेही बहुधा गप्प होतात. ही शांतता नवीन माणसाला अवघडल्यासारखी वाटते आणि तो धीर द्यायला बोलतो. नका बोलू. बॉम्ब निकामी करायला 10 सेकंद लागतात, जवळ किट असेल तर 5. त्या सेकंदांत ‘यू कॅन डू इट’ची गरज कुणालाच नसते.

प्रश्न कधी विचारायचे? राउंड सुरू होण्याआधी काही सेकंद सगळे जागच्या जागी थांबलेले दिसतात, तेव्हा विचारावंसं वाटतं. पण त्याच वेळात कुणी कोणती बंदूक घ्यायची, कुठून जायचं, हे ठरत असतं. त्यामुळे सगळ्यांनी साधी पिस्तुलंच घेतली तर हसू नका. पुढच्या राउंडसाठी पैसे वाचवणं चालू असतं. प्रश्न लिहून ठेवा, मॅच संपल्यावर विचारा.

स्कोअरबोर्ड पाहून निकाल लावणं हा माझ्या मते सगळ्यात चीड आणणारा प्रकार. तळाला असलेला खेळाडू बहुतेक वेळा दारातून पहिला आत शिरणारा असतो, म्हणजे दुसऱ्यांसाठी जागा मोकळी करताना मरणारा. ‘तू तर काहीच नाही केलंस’ हे त्याला त्याच रात्री ऐकवायची गरज नाही.

सरावाची मॅच बघायला मिळाली असेल, तर फोन खाली ठेवा. तिथे टीम नवे डाव घोटवत असते. स्टोरीवर टाकलेली पंधरा सेकंदांची क्लिप पुढच्या प्रतिस्पर्ध्याच्या हातात सहज पडते.

आणि घरच्यांसाठी एक: ‘दोन मिनिटं पॉज कर’ हे इथे चालत नाही. अधिकृत स्पर्धांत तांत्रिक अडचणीसाठी थांबता येतं, जेवणासाठी नाही. रँकसाठीची मॅच मध्येच सोडली तर काही काळ पुन्हा खेळायला बंदी येते, आणि इकडे उरलेले चौघे पाच जणांशी लढत बसतात. ताट झाकून ठेवलेलं बरं.

एवढं गप्प बसून हाती काय लागतं, असं वाटत असेल तर मॅचनंतर भावाकडे डेमो मागा. ही त्या मॅचची रेकॉर्ड केलेली फाइल असते. ती गेममध्येच उघडून दहापैकी कुणाच्याही नजरेतून बघता येते, थांबवता येते, मागे नेता येते. तिथे त्याच्या शेजारी बसा आणि हवं तितकं बोला. ‘डावीकडे होता तो, मला दिसत होता,’ हेही तेव्हाच सांगा.