पडद्यावरच्या रुळांसाठी दरमहा वर्गणी

मलकापूर सोडून पूर्वेकडे निघालेल्या गाडीला बिस्वा ब्रिज, खुमगाव बुर्ती, नांदुरा, जळंब आणि मग शेगाव अशी स्थानकं लागतात. मुंबई–हावडा मार्गाचा हा तुकडा बुलढाणा जिल्ह्यातून जातो. खरी गाडी चालवण्यासाठी लोको पायलटला मोठं प्रशिक्षण घ्यावं लागतं. पण इंजिनाच्या कॅबमध्ये बसून हाच प्रवास घरच्या संगणकावर करता यावा, अशी हौस असलेली माणसं जगभर आहेत आणि आपल्याकडेही आहेत. त्यांच्यासाठी ट्रेन सिम्युलेटर नावाची सॉफ्टवेअर असतात. त्यात गाडीला वजन असतं, ब्रेक लावल्यावर ती लगेच थांबत नाही, चढावर इंजिन दमतं आणि लाल सिग्नल ओलांडला की खेळ संपतो.

मात्र विकत घेतलेल्या सिम्युलेटरमध्ये मलकापूर नसतं. ते कुणीतरी बनवावं लागतं.

बनवणं म्हणजे काय, हे समजल्याशिवाय त्यासाठी पैसे द्यावेत की नाही हा वाद कळत नाही. आधी जमिनीचा चढउतार हवा. तो बहुतेकदा अमेरिकेच्या एंडेव्हर अवकाशयानाने फेब्रुवारी २००० मध्ये रडारने मोजलेल्या उंचीच्या माहितीतून घेतला जातो. ही माहिती सर्वांना मोफत मिळते. तिच्यावर उपग्रहाची छायाचित्रं ठेवून रूळ टाकायचे, प्रत्येक वळण आणि प्रत्येक सांधा जुळवायचा. मग विजेचे खांब, तारा, फाटकं, सिग्नल आणि पिवळ्या पाट्यांवर तीन भाषांत लिहिलेली स्थानकांची नावं. काळी माती, कपाशीची शेतं, बाभळी आणि कडुनिंब. नांदुऱ्याची १०५ फुटी हनुमानाची मूर्ती विसरली, तर तिथला प्रेक्षक पहिल्या मिनिटात चूक दाखवेल. डब्ल्यूएपी-७ इंजिनाचा आकार ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये घडवायचा, त्याचा हॉर्न फलाटावर उभं राहून ध्वनिमुद्रित करायचा आणि त्याची ओढण्याची ताकद आकड्यांत लिहून द्यायची. नोकरी किंवा कॉलेज सांभाळून हे सगळं करायचं तर एका मार्गाला वर्षं लागू शकतात.

ही चळवळ उभी राहिली ती २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरवर. कुजू या ब्रिटिश कंपनीने ते बनवलं होतं. इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रिया आणि जपानमधले मार्ग त्यात होते. भारतातला एकही नव्हता. पण त्याच्यासोबत मार्ग तयार करण्याचं साधन दिलेलं होतं आणि तेवढ्यावर जगभरचे हौशी लोक कामाला लागले. भारतीयांपुढे एक जादा अडचण होती. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, तर त्या सॉफ्टवेअरमधले रूळ परदेशातल्या १,४३५ मिलिमीटरच्या मापाचे. सिग्नलची रीत वेगळी, डब्यांचे जोड वेगळे. तरीही निळे आयसीएफ डबे, लाल एलएचबी डबे, डिझेलची जुनी डब्ल्यूडीएम इंजिनं हे सगळं हौशी हातांनी घडवलं आणि बरंचसं फुकट वाटलं.

मायक्रोसॉफ्टने पुढची आवृत्ती जाहीर केली होती. जानेवारी २००९ मध्ये तिच्यावर काम करणारा स्टुडिओच बंद झाला आणि ती आलीच नाही. कंपनी गेली तरी लोकांनी बनवलेलं सामान राहिलं. जुन्या फायली वाचू शकणारं ओपन रेल्स नावाचं मुक्त सॉफ्टवेअर स्वयंसेवकांनी लिहिलं; त्याची १.० आवृत्ती २०१५ मध्ये आली. ते आजही फुकट मिळतं. ज्या कंपनीने दुकान बंद केलं, तिच्या खेळासाठी विशीतल्या पोरांनी बनवलेली इंजिनं त्यांच्या चाळिशीतही धावतात, याचं श्रेय पूर्णपणे या माणसांचं आहे.

मग पैशांचा प्रश्न आला कुठून? खरं तर तो पहिल्यापासून होता. ट्रेन्झ या दुसऱ्या सिम्युलेटरचं उदाहरण पाहण्यासारखं आहे. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनच्या ऑरन कंपनीने ते २००१ मध्येच आणलं आणि पुढे ते एनथ्रीव्ही गेम्सकडे गेलं. त्यांनी डाउनलोड स्टेशन नावाचं एक मोठं कोठार ठेवलं. लोकांनी आपण बनवलेली इंजिनं, झाडं, घरं, मार्ग तिथे टाकायचे आणि इतरांनी उतरवून घ्यायचे. फुकट उतरवणाऱ्याला वेग कमी आणि रोजची मर्यादा. ती नको असेल तर ‘फर्स्ट क्लास तिकीट’ नावाची वर्गणी भरायची. म्हणजे वस्तू हौशी माणसाची, ती फुकट दिलेली आणि पैसे मात्र कोठार चालवणाऱ्या कंपनीला. सर्व्हरला खर्च असतो, हे कंपनीचं म्हणणं रास्त आहे. आपल्या मेहनतीवर दुसऱ्याने तिकीट लावलं असं एखाद्या निर्मात्याला वाटलं, तर तेही समजण्यासारखं आहे. या व्यवस्थेत एक गोष्ट मात्र खूप चांगली आहे. प्रत्येक वस्तूला एक क्रमांक असतो आणि त्यात बनवणाऱ्याचाही क्रमांक गुंफलेला असतो. कुणाचं काय, हे हरवत नाही.

दुसरा रस्ता थेट निर्मात्याला पैसे देण्याचा. २०१३ मध्ये अमेरिकेत पेट्रिऑन सुरू झालं आणि गायक, चित्रकार, खेळांचे हौशी निर्माते अशा सगळ्यांना चाहत्यांकडून दरमहा ठरावीक रक्कम घेण्याची सोय झाली. सिम्युलेटरच्या जगातही ही पद्धत शिरली. वर्गणीदाराला नवं इंजिन आधी मिळतं, अर्धवट झालेला मार्ग चाचणीसाठी मिळतो, निर्मात्याशी बोलता येतं. काही ठिकाणी हेच सामान काही महिन्यांनी सगळ्यांसाठी फुकट खुलं होतं. काही ठिकाणी ते कधीच खुलं होत नाही, आणि भांडण तिथे पेटतं.

या भांडणाचं मूळ उसनवारीत आहे. एखादं भारतीय इंजिन पाहिलं तर त्याची बोगी एकाची, पेंटोग्राफ दुसऱ्याचा, आवाज तिसऱ्याचा आणि रंगकाम चौथ्याचं, असं सहज घडतं. फुकट वाटपाच्या काळात ‘नाव द्या आणि वापरा’ एवढीच अट असायची. अनेकांनी सोबतच्या मजकूर फायलीत स्पष्ट लिहून ठेवलं होतं की विक्रीला परवानगी नाही. आता चौथ्या माणसाने त्या इंजिनासाठी दरमहा पैसे मागायला सुरुवात केली, तर पहिल्या तिघांचं काय? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा किंवा संगणक प्रोग्रॅमचा हक्क तो घडवणाऱ्याकडे आपोआप येतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. फुकट दिलं म्हणजे हक्क सोडला, असा अर्थ होत नाही.

हा धडा सगळ्या जगाने एप्रिल २०१५ मध्ये पाहिला. स्कायरिम या लोकप्रिय खेळासाठी लोकांनी बनवलेली भर स्टीम या दुकानावर विकण्याची सोय २३ एप्रिलला सुरू झाली. विक्रीतला २५ टक्के वाटा बनवणाऱ्याला, बाकीचा कंपन्यांना. मासेमारीची एक भर लगेच मागे घ्यावी लागली, कारण तिच्यात दुसऱ्या हौशी निर्मात्याचं काम वापरलेलं होतं. खेळाडूंचा संताप एवढा झाला की २७ एप्रिलला ती योजनाच गुंडाळली गेली. आधी फुकट असलेल्या ठिकाणी एका रात्रीत पेटी ठेवली, की विश्वास तुटतो. सुरुवातीपासून पैसे घेणाऱ्यांवर कुणी असा चिडत नाही. ब्रिटनच्या डव्हटेल गेम्सच्या ट्रेन सिम्युलेटरसाठी शेकडो मार्ग आणि इंजिनं विकत मिळतात, लोक ती किमती बघून घेतात किंवा सोडून देतात. तिथे एकदा पैसे भरले की वस्तू आपल्या खात्यात राहते.

दरमहा वर्गणीचं तसं नाही, म्हणून तिच्याकडे नीट पाहायला हवं. वाचनालयाची वर्गणी थांबली की पुस्तक परत जातं, हे आपण मान्य करूनच बसलेलो असतो. पण संगणकात उतरवलेला मार्ग वर्गणी थांबल्यावर चालू राहणार की कुलूपबंद होणार, हे अनेकदा आधी सांगितलेलंच नसतं. समजा, कुणी महिन्याला २०० रुपये घेतो. वर्षाचे २,४०० होतात. एवढ्या रकमेत वर्षभरात काय हाती आलं आणि त्यातलं काय कायमचं राहिलं, हा हिशेब विचारण्याचा प्रत्येक वर्गणीदाराला हक्क आहे. आणि निर्माता एकटा असेल तर आणखी एक धोका असतो. त्याची परीक्षा येते, नोकरी बदलते, आजारपण येतं. काम थांबतं आणि खात्यातून रक्कम मात्र जात राहते.

सुदैवाने भारतात खात्यातून पैसे जात राहण्यावर चांगला लगाम आहे. रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून कडक झाले. दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमेसाठी सुरुवातीला ग्राहकाची वेगळी संमती लागते आणि प्रत्येक वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना यावी लागते. संमती कधीही रद्द करता येते. युपीआय ऑटोपे जुलै २०२० मध्ये सुरू झालं. त्यामुळे खामगाव किंवा मेहकरच्या मुलाला भारतीय निर्मात्याची वर्गणी भरायला क्रेडिट कार्डाची गरज उरली नाही. परदेशी सेवेचं मात्र वेगळं आहे. तिथे डॉलरचा दर, बँकेचं रूपांतर शुल्क आणि १८ टक्के जीएसटी धरला की छापील आकड्यापेक्षा बरीच जास्त रक्कम जाते. कार्ड बहुधा आईवडिलांचं असतं, तेव्हा त्यांना हे सगळं आधी सांगितलेलं बरं.

इतकी कटकट असताना पैसे द्यावेतच कशाला? याचं उत्तर विदर्भाकडे पाहिलं की सापडतं.

अकोला–खंडवा मीटरगेजवर धूळघाटजवळ गाडी डोंगर चढताना स्वतःच्याच रुळांवरून, पुलावरून ओलांडून जायची. अकोला–अकोट मीटरगेजची गाडी जानेवारी २०१७ मध्ये बंद झाली. ब्रॉडगेज करताना मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून रूळ नकोत, यावर मोठा वाद झाला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या सोनाळा, जामोद या भागातून वळसा घालणारा मार्ग पुढे आला. वाघांसाठी तो योग्यच आहे. पण धूळघाटचा तो वेढा आता गाडीतून कुणाला दिसणार नाही. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी नॅरोगेजची शकुंतला घ्या. मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होतं. आता ते रूळ शांत आहेत. या गाड्यांचा वेग, चढ, वळणं, स्थानकातली वर्दळ जशीच्या तशी अनुभवता येईल असं जतन कुठल्या सरकारी योजनेने करून ठेवलेलं नाही. सिम्युलेटरचा हौशी निर्माता ते करू शकतो. जुना कामकाजाचा तक्ता, फोटो, निवृत्त गार्ड आणि फाटकवाल्यांच्या आठवणी गोळा करत हिंडण्याचा प्रवासखर्च तरी त्याला मिळायला हवा. वर्गणी ही अशा कामासाठी सगळ्यात योग्य व्यवस्था आहे, कारण काम लांबचं असतं आणि एका विक्रीतून त्याचा खर्च निघत नाही.

पण ती श्रमाची वर्गणी असावी, कुलपाची नको. दुसऱ्याने फुकट दिलेल्या डब्यांना आपलं कुलूप लावून पैसे घेणं चुकीचं आहे, मग निर्माता कितीही हुशार असो. वापरलेल्या प्रत्येक तुकड्याच्या मालकाचं नाव लिहिलेलं असावं आणि त्याची परवानगी घेतलेली असावी. वर्गणी थांबली तरी आधी उतरवलेलं चालत राहावं. ठरावीक काळाने काम सर्वांसाठी खुलं व्हावं. वर्गणीदाराने एवढ्या अटी विचारल्या, तर प्रामाणिक निर्मात्याला त्याचा रागही येणार नाही, कारण त्याचं कामही अशाच अटींमुळे वाचणार असतं.

बुलढाणा जिल्ह्यात अशा कामाला हवा तेवढा विषय आहे. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या उपस्थितीत जळंबहून खामगावला जाणारा, जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा सुरू झाला. तो कापसासाठी होता. खामगावच्या बाजारातला कापूस इथून मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांत जात असे. लहान फाटा, दोन टोकं आणि मधला सपाट प्रदेश. नवशिक्या निर्मात्याने हात बसवण्यासाठी याहून सोपा मार्ग विदर्भात सापडणं कठीण. खामगावहून पुढे जालन्यापर्यंत रेल्वे न्यावी, ही मागणी इंग्रजांच्या काळापासूनची. बुलढाणा हे जिल्ह्याचं ठिकाण असून तिथे आजही रेल्वे स्थानक नाही.

जालन्याचा मार्ग खऱ्या जमिनीवर व्हायचा तेव्हा होईल, पण उंचीची माहिती आजही मोफत आहे. घाटाखालून घाटावर, चिखलीच्या पठारावर गाडी कुठून चढवायची, चढ किती ठेवायचा, पूल कुठे आणि बोगदा कुठे, हे प्रश्न सिम्युलेटरमध्ये मार्ग टाकणाऱ्याला जवळपास अभियंत्यासारखेच सोडवावे लागतील. तीन-चार जणांच्या गटाने हे काम घेतलं, तर वर्गणी देणाऱ्याला काय मिळणार हेही आधीच लिहून देता येईल: आधी खामगावचं यार्ड, मग घाटाचा तळ, मग चढाचे दोन पर्यायी आराखडे. ते चालवून पाहायचे आणि भारी मालगाडी कुठल्या आराखड्यावर अडते ते नोंदवायचं. त्यानंतर चिखली, देऊळगाव राजा आणि पुढे जालना.