पितळ : चुलीपासून काडतुसापर्यंत

आजीच्या काळातली पितळेची पातेली माळ्यावर गेली, तरी पितळ काही घरातून गेलेले नाही. नळाची तोटी, कुलपाची किल्ली, विजेच्या प्लगच्या पिना पाहा!

तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त घेतले, तर ते ठोकून, ओढून हवा तो आकार घेते. याच गुणावर भंडाऱ्याच्या कारागिरांनी भांडी घडवली आणि कारखान्यांनी बंदुकीच्या काडतुसांची कवचे.

या कवचांनी एकेकाळी इंग्रजी फौजेला कोड्यात टाकले. भारतात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली काडतुसे आपोआप तडकत. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि घडवताना धातूत राहिलेला ताण ही कारणे १९२१ मध्ये उलगडली. उपाय सोपा निघाला. घडवल्यावर कवच बेताने तापवले, की ताण निघून जातो.

घरातही सावधगिरी हवीच. आंबट पदार्थात पितळेतले तांबे उतरते आणि अन्न कळकते. म्हणून तर कल्हई! आमटीत चिंच घालण्यापूर्वी भांड्याच्या आतला कथलाचा पांढरा थर शाबूत आहे ना, एवढे जरूर पाहावे.