काळ्या जमिनीतील लाकडी कुंपण

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील, पूर्णा नदीवरचे येलदरी हे गाव १९६८ साली पूर्ण झालेल्या धरणामुळे सर्वपरिचित झाले. या भागात घराच्या आवाराला वई करण्याची रीत जुनी आहे. बाभळी-बोरीच्या काटेरी फांद्या, तुराट्या-पळाट्यांचा कूड, किंवा शेर व निवडुंग यांची जिवंत ओळ, हे तिचे नित्याचे प्रकार होत. अशी वई वरचेवर डागडुजी करूनच टिकवावयाची, हे गृहीत असे. फळ्यांचे कुंपण मात्र अनेक वर्षे उभे राहावे या अपेक्षेने घातले जाते. म्हणून त्याच्या टिकाऊपणाचा प्रश्न निराळा ठरतो. आणि तो जितका सुतारकामाचा, त्याहून अधिक जमिनीचा आहे.

दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या अपक्षयातून झालेल्या काळ्या मातीत माँटमोरिलोनाइट वर्गातील खनिजांचे प्रमाण मोठे असते. या खनिजांच्या सूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की माती फुगते आणि ते निघून गेले की आकसते. पावसाळ्यात जमीन वर येते. वैशाखात तिला भेगा पडतात. फुगणारी माती खांबाच्या बाजूंना घट्ट धरून त्याला किंचित वर उचलते. माती आकसताना खांब पूर्ववत खाली बसत नाही, कारण त्याच्या बुडाशी झालेल्या पोकळीत तोवर सुटी माती ओघळलेली असते. दरवर्षीची ही अल्पशी वाढ साचत जाते आणि काही वर्षांत सरळ ओळ वेडीवाकडी दिसू लागते. थंड प्रदेशांत गोठणारे पाणी हेच कार्य करते. म्हणून तेथे जमीन गोठण्याच्या मर्यादेखाली खांब पुरण्याचा नियम आहे. काळ्या मातीत ओलाव्याच्या चढउताराचा थर कित्येक ठिकाणी तीन मीटरांहून खोल असतो. कुंपणाचा खांब तितका खोल नेणे अव्यवहार्य असल्याने तो नियम येथे जसाच्या तसा लागू पडत नाही.

दुसरे कारण वाऱ्याचे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला २० मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारे २४० न्यूटन भरतो. दीड मीटर उंच व २.४ मीटर रुंद अशा सलग फळ्यांच्या एका गाळ्यावर तो सुमारे ८६० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ८८ किलोग्रॅम वजनाइतका, होतो. वेग दीडपट झाल्यास हा भार सव्वादोनपट होईल. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, वळवाची वादळे येतात ती नेमकी माती आकसून खांबाभोवती फट पडलेली असतानाच. ज्या वेळी आधार सर्वांत कमी, त्याच वेळी भार सर्वांत अधिक, असा हा योग आहे. फळ्यांमध्ये अंतर ठेवल्यास वारा आरपार जातो व भार हलका होतो.

तिसरे कारण कुजण्याचे. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओलावा व हवा या दोहोंची गरज असते. जमिनीच्या वर लाकूड सुकते, खोल जमिनीत हवा अपुरी पडते. दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या भूपृष्ठालगतच्या पट्ट्यात. त्यामुळे खांब बहुधा तेथेच मोडतो, आणि वाळवीही तेथूनच चढते. सागाच्या गाभ्याचे लाकूड या दोहोंस चांगला प्रतिकार करते. त्याच झाडाचे बाहेरील फिकट लाकूड मात्र करीत नाही. तेव्हा ‘सागवान’ एवढ्या नावावर विसंबणे योग्य नव्हे. डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत सोंती कामेशम यांनी १९३३ च्या सुमारास तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या क्षारांचे संरक्षक मिश्रण सिद्ध केले व ते जगभर वापरले गेले. परंतु त्यातील आर्सेनिकामुळे अनेक देशांनी निवासी वापरासाठी त्यावर पुढे निर्बंध घातले. जेथे मुले खेळतात व भाजीपाला लावला जातो, अशा परसात ते टाळणेच इष्ट.

या विवेचनावरून कामाचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम खड्डा खणून काळ्या थराची जाडी पाहावी. चढाच्या मुरमाड जमिनीत ती थोडी, तर नदीकाठी पुष्कळ असते. मुरूम हाती लागल्यास खांब त्यात रुतवावा. न लागल्यास खड्डा तळाशी रुंद ठेवावा. वर रुंद व खाली निमुळता असा काँक्रीटचा गोळा फुगणारी माती सहज उचलते. उलट तळाशी रुंद असलेला पाया तिला दाद देत नाही. रुडकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीतील इमारतींसाठी विकसित केलेल्या, बुडाशी फुगीर असलेल्या पायांच्या खांबांमागे हेच तत्त्व आहे. जमिनीत दगडाचा वा काँक्रीटचा खुंट पुरून लाकडी खांब त्यावर लोखंडी पट्ट्यांनी, भूपृष्ठापासून दहा सेंटिमीटर वर जोडल्यास कुजण्याचे मुख्य कारणच नाहीसे होते. खुंटाभोवती मुरूम ठोकून भरावा. मात्र तो खड्डा पाण्याची विहीर होऊ नये म्हणून माथा चोपून बाहेरच्या बाजूस उतरता करावा. हे काम पावसाळा संपल्यावर, माती ना फुगलेली ना भेगाळलेली अशा कार्तिक-मार्गशीर्षात करावे.

फळ्याही हालतात. सागाची १५ सेंटिमीटर रुंदीची फळी पावसाळा ते उन्हाळा या काळात रुंदीत दोन-तीन मिलिमीटर आकसू शकते. लांबीत जवळजवळ नाही. दोन्ही कडांना खिळे ठोकल्यास हे आकुंचन अडते व फळी उभी चिरते. खालच्या टोकाशी पाच-सात सेंटिमीटर मोकळे ठेवावे, आणि प्रत्येक गाळा स्वतंत्र ठेवावा. म्हणजे एक खांब हलला तरी शेजारचा गाळा ओढला जाणार नाही.

सारांश, या प्रदेशात कुंपणाचे आयुष्य फळ्यांच्या देखणेपणावर नव्हे, तर जमिनीखालच्या न दिसणाऱ्या भागावर ठरते. फळी बदलणे हे एका दुपारचे काम आहे. कललेली ओळ सरळ करणे म्हणजे संपूर्ण कुंपण नव्याने घालणेच होय. उपलब्ध पैशाचा मोठा वाटा खांब व पाया यांवर खर्च करण्यातच खरी काटकसर आहे.