पाण्याचा दाब, दैनंदिन वापरातील

पाण्यामुळे एकक क्षेत्रफळावर लंब दिशेत पडणाऱ्या प्रेरणेस पाण्याचा दाब म्हणतात. घरातील नळ, गच्चीवरील टाकी, पंप आणि शहराची जलवाहिनी या सर्वांचे कार्य मुख्यतः या एका राशीवर अवलंबून असते.

स्थिर पाण्यातील कोणत्याही बिंदूपाशी असणारा दाब हा त्या बिंदूपासून पाण्याच्या मोकळ्या पृष्ठभागापर्यंतची उंची, पाण्याची घनता व गुरुत्वीय प्रवेग यांच्या गुणाकाराइतका असतो (यात वातावरणाचा दाब धरलेला नाही). उंची दर १० मी. वाढली की, दाब सु. ९८ किलोपास्काल, म्हणजे दर चौ. सेंमी.ला सु. १ किग्रॅ. भाराइतका वाढतो. टाकीचा आकार, रुंदी किंवा तीत साठलेले एकूण पाणी यांवर तो अवलंबून नसतो. त्यामुळे उंचावरील लहान टाकी ही जमिनीलगतच्या प्रचंड हौदापेक्षा अधिक दाब देते. ही गोष्ट सायमन स्टेव्हीन (१५४८–१६२०) यांनी १५८६ मध्ये दाखवून दिली. बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे तत्त्व ब्लेझ पास्काल (१६२३–६२) यांच्या नावाने ओळखले जाते.

गुरुत्वीय पुरवठा : उगमाची पातळी वापराच्या जागेपेक्षा उंच असल्यास पाणी आणण्यास दुसऱ्या ऊर्जेची गरज पडत नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशवे यांनी कात्रज येथील तलावातून पुण्यापर्यंत दगडी बांधणीचा नळ आणविला. शनिवारवाड्यास व पेठांतील हौदांस त्याचे पाणी केवळ उताराने मिळे. नळातील हवेस वाट मिळावी म्हणून मार्गात ठिकठिकाणी उच्छ्वास बांधलेले होते.

उंच इमारती : मुळा-मुठा नदीकाठचे खराडी हे गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि पुढे तेथे बहुमजली इमारतींची दाट वस्ती झाली. खेड तालुक्यातील भामा नदीवरील भामा आसखेड धरणाचे पाणी २०२१ पासून या पूर्व भागास देण्यात येऊ लागले. जलवाहिनीचा दाब बहुमजली इमारतीच्या गच्चीपर्यंत पाणी चढविण्यास पुरत नाही. म्हणून ते प्रथम जमिनीखालील टाकीत साठवून पंपाने वर नेतात. १,००० लि. पाणी ६० मी. उंच नेण्यास किमान ५.८९ लक्ष जूल ऊर्जा लागते. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरल्यास हा खर्च सु. ०.३३ युनिट विजेइतका होतो. गच्चीवर सांडून गेलेल्या पाण्याबरोबर ही वीजही वाया जाते. उलट टाकीच्या लगत खाली असलेल्या सर्वांत वरच्या मजल्यावर पाण्याची धार बारीक येते, तर तळमजल्यावर दाब ६०० किलोपास्कालच्या जवळपास पोहोचून नळ व सांधे निकामी होऊ शकतात. म्हणून खालच्या मजल्यांसाठी दाब कमी करणाऱ्या झडपा बसवितात.

वाहत्या पाण्यातील घट : पाणी वाहू लागताच घर्षणामुळे दाब घटत जातो. वेग दुप्पट झाल्यास ही घट जवळजवळ चौपट होते. तेवढेच पाणी निम्म्या व्यासाच्या नळीतून न्यावयाचे झाल्यास ती सु. बत्तीसपट होते. पहाटे सर्वांचे नळ एकदम सुटले की, वाहिनीच्या शेवटच्या टोकाच्या घरांस पाणी अपुरे पडते, याचे एक प्रमुख कारण हेच होय.

वाहिनीस जोडलेला पंप : अपुऱ्या दाबावर उपाय म्हणून काही ठिकाणी पंप थेट सार्वजनिक वाहिनीलाच जोडतात. पंप पाण्याला ओढतो, असे समजले जाते. प्रत्यक्षात तो आपल्या तोंडाशी दाब कमी करतो आणि बाहेरील अधिक दाब पाण्यास त्याकडे ढकलतो. पुण्याच्या परिसरात, समुद्रसपाटीपासून सु. ५५० मी. उंचीवर, वातावरणाचा दाब सु. ९५ किलोपास्काल असतो. तो पाण्याचा सु. ९.७ मी. उंचीचा स्तंभ तोलून धरतो. त्यामुळे याहून खोल पातळीवरील विहिरीचे पाणी काठावर ठेवलेला पंप कितीही शक्तिमान असला, तरी वर घेऊ शकत नाही. व्यवहारात ही मर्यादा ७ मी.च्या आसपास येते.

सार्वजनिक वाहिनीत असा पंप चालू केल्यास शेजाऱ्यांकडील दाब घटतो, पण त्याचा गंभीर परिणाम वेगळाच आहे. वाहिनीतील दाब बाहेरील दाबापेक्षा अधिक असतो तोवर गळक्या सांध्यातून शुद्ध पाणी बाहेर जाते. तो बाहेरील दाबाहून कमी झाला की, प्रवाहाची दिशा उलटते व सांध्याभोवतालच्या जमिनीतील सांडपाणी आत ढकलले जाते. ठराविक वेळीच पुरवठा होणाऱ्या वाहिनीत पाणी बंद झाल्यावरही असे घडू शकते. पटकी, विषमज्वर व कावीळ यांसारख्या रोगांचा प्रसार या मार्गाने होतो. म्हणून वाहिनीत दाब सतत राखणे ही केवळ सोयीची बाब नसून आरोग्यरक्षणाची अट ठरते. ज्यांना पंप वापरणे भाग आहे, त्यांनी वाहिनीचे पाणी प्रथम आपल्या टाकीत पडू द्यावे व पंप त्या टाकीस जोडावा. टाकीतील मोकळ्या पृष्ठभागामुळे पंपाचा परिणाम वाहिनीपर्यंत पोहोचत नाही.