दोन आठळ्यांचे झाड

नाताळ जवळ आला की आपल्याकडच्या दुकानांत काटेरी हिरवी पाने आणि लालभडक फळे यांच्या प्लास्टिकच्या माळा लटकू लागतात. ती नक्कल युरोपातल्या हॉलीची. याच कुळातले एक सदाहरित झाड, आयलेक्स डायपायरीना, हिमालयात आपसूक वाढते. कुमाऊँ-हिमाचलात फिरणारे मराठी पर्यटक मात्र पुष्कळदा ते न ओळखताच पुढे जातात. प्लास्टिकच्या पानाने त्यांना काटे शोधायला शिकवलेले असते ना!

काट्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. कोवळ्या झाडाची पाने काटेरी असतात. झाड वाढले की पानांच्या कडा साध्या होत जातात. युरोपीय हॉलीत तर एकाच फांदीवर दोन्ही तऱ्हेची पाने सापडतात. स्पेनमधील हेरेरा आणि बाझागा यांनी 2013 साली दाखवून दिले की, जनावरांनी ओरबाडलेल्या फांद्यांवर काटेरी पाने अधिक येतात, आणि त्या पानांतील डीएनएवर मिथाइलच्या खुणा बिनकाटेरी पानांपेक्षा कमी असतात. म्हणजे काटा ही जातीची खूण कमी आणि झाडावर काय गुदरले त्याची नोंद जास्त.

त्यात ओकची भर. हिमालयातल्या खरसू, मोरू या ओकांची कोवळी पानेही काटेरी. हा घोटाळा नावातही मुरलेला आहे: 'आयलेक्स' हे मुळात एका सदाहरित ओकचे लॅटिन नाव, लिनियसने 1753 मध्ये ते हॉलीच्या प्रजातीला दिले. बांजचे पान उलटले की खाली पांढुरकी लव दिसते, हॉलीचे पान खालूनही गुळगुळीत. तेवढ्याने बांज बाजूला पडतो. पण जून मोरूचे पानही खालून गुळगुळीतच. तिथे फळच पाहावे लागते.

ओकचे फळ वाटीत बसवलेले, टणक. हॉलीचे वाटाण्याएवढे, मांसल, थंडीत लाल होणारे, फांदीला बिलगलेले. टोकावर काळसर ठिपका, तो फुलातल्या कुक्षीचा अवशेष. फळ चिरडून आठळ्या मोजाव्यात (चाखू मात्र नये, पोट बिघडते). युरोपीय हॉलीत त्या साधारणपणे चार, हिमालयातल्या हॉलीत बहुधा दोन. 'डायपायरीना' म्हणजे दोन आठळ्यांचे; ओळख नावातच सांगितलेली आहे.

मात्र नर आणि मादी झाडे वेगळी असल्याने नराला फळ कधीच धरत नाही. त्याच्यासाठी बहराच्या दिवसांत पुन्हा यावे लागते: ओकला लोंबते तुरे, हॉलीला पानांच्या बेचक्यात चार पाकळ्यांच्या बारीक फुलांचे झुबके.