कुत्र्याचे चाटणे : सवय, दुखणे की धोका?

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे निघाले की मुळशी जलाशयाच्या परिसरात माले हे गाव लागते. आजूबाजूला आंबेमोहोर भाताची खाचरे, मागे सह्याद्रीचे डोंगर आणि पावसाळ्यात दिवसेंदिवस न उघडणारा पाऊस. या पट्ट्यात शेळ्या-कोंबड्यांच्या राखणीला कुत्रा असतोच. अलीकडे फार्महाऊस आणि बंगल्यांमुळे शहरातून आलेले लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डही दिसू लागले आहेत. गावठी असो वा विलायती, पावसाळ्यात या कुत्र्यांचे एक दृश्य सारखेच असते. ओसरीच्या कोपऱ्यात बसून तासन्‌तास पंजे चाटत राहणे. ‘त्याला सवयच आहे’ असे म्हणून घरातले दुर्लक्ष करतात, फार झाले तर ओरडतात. चाटणे घटकाभर थांबते आणि पुन्हा सुरू होते.

चाटणे हा कुत्र्याचा स्वभावधर्म आहे. जन्मलेल्या पिल्लाला आई चाटूनच स्वच्छ करते, त्याच्या श्वासाला आणि मलमूत्र विसर्जनाला चालना देते. मोठे होताना पिल्लू आईचे तोंड चाटून अन्न मागते. माणसाचा हात किंवा चेहरा चाटणे हे त्याच वागण्याचे पुढचे रूप. त्यामुळे चाटणे पूर्ण बंद करणे शक्यही नाही आणि योग्यही नाही. प्रश्न उभा राहतो तो चाटणे अति होते तेव्हा. खेळ, झोप किंवा खाणे सोडून कुत्रा चाटत बसत असेल, एकाच जागेचे केस झडले असतील, कातडी लाल पडली असेल, हाक मारूनही त्याचे लक्ष हटत नसेल, तर ते अति झाले असे समजावे.

आधी शरीर तपासा

शिकवण्याआधी कारण शोधणे ही पहिली पायरी. कुत्रा जिथे चाटतो तिथे बहुधा खाज किंवा वेदना असते. मुळशीसारख्या अतिपावसाच्या भागात पहिला संशय ओल्या पंजांवर घ्यावा. बोटांच्या बेचक्यात ओल आणि चिखल साचला की मॅलॅसेझिया नावाची बुरशी आणि जिवाणू वाढतात. पंजाला आंबूस वास येतो, कातडी लालसर होते. पांढऱ्या कुत्र्याच्या पंजाचे केस तांबूस तपकिरी दिसू लागतात. तो रंग रक्ताचा नसून लाळेतील पॉर्फिरिन या द्रव्याचा असतो. सतत चाटल्याची ती खूणच.

दुसरे कारण गोचीड आणि पिसवा. गोचीड बोटांच्या मध्ये, कानात आणि शेपटीखाली लपते. तिच्यामुळे नुसती खाज सुटत नाही, तर एर्लिकिया आणि बॅबेसिया यांसारखे रक्ताचे आजारही होतात. याशिवाय खतांचा किंवा फवारणीचा पायाला लागलेला अंश, अन्नाची वा परागकणांची ॲलर्जी आणि काट्याची जखम हीही कारणे असतात. म्हातारा कुत्रा एकच सांधा चाटत असेल तर तो सांधा दुखत असण्याची शक्यता मोठी. शेपटीखाली सतत चाटणाऱ्या कुत्र्याच्या गुदग्रंथी भरलेल्या असू शकतात.

फरशी, भिंत, सतरंजी चाटण्याचे काय? कॅनडातील माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१२ मध्ये अशा १९ कुत्र्यांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी १४ कुत्र्यांना पोटाचा किंवा आतड्यांचा काही ना काही विकार निघाला. उपचारांनंतर बऱ्याच कुत्र्यांचे चाटणे कमी झाले. म्हणजे जे वागणे ‘विचित्र खोड’ वाटत होते, ते अनेकदा मळमळीचे किंवा पोटदुखीचे लक्षण होते. अशा कुत्र्याला रागावणे म्हणजे पोट दुखणाऱ्या मुलाला रडतो म्हणून मारण्यासारखे आहे.

मनाचे कारण

शरीराची कारणे वगळल्यावर मनाकडे वळावे. दिवसभर साखळीला बांधलेला, शनिवार-रविवारीच मालक येतो अशा बंगल्यात एकटा राहणारा किंवा फटाक्यांना घाबरणारा कुत्रा स्वतःला चाटून शांत करू पाहतो. चाटण्याने मेंदूत एंडॉर्फिनसारखी द्रव्ये स्रवतात आणि तात्पुरते बरे वाटते, असे मानले जाते. पण त्याच जागी चाटून चाटून कातडी जाड होते, जखम होते, जखम खाजते आणि कुत्रा पुन्हा चाटतो. पुढच्या पायाच्या मनगटाजवळ होणाऱ्या अशा चिवट जखमेला ‘ॲक्रल लिक डर्मटायटिस’ म्हणतात.

या जखमेने माणसाच्या मनोविकारांच्या अभ्यासालाही मदत केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपपोर्ट या वारंवार हात धुणाऱ्या, म्हणजे ओसीडी असलेल्या रुग्णांवर काम करत होत्या. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ओसीडीवरील क्लोमिप्रामिनसारखी, मेंदूतील सेरोटोनिनवर काम करणारी औषधे पायाची जखम चाटणाऱ्या कुत्र्यांना दिली. त्यांचे चाटणे कमी झाले. सेरोटोनिनवर फारसा परिणाम न करणाऱ्या डेसिप्रामिनने मात्र तसा फरक पडला नाही. अर्थात ही औषधे पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात आणि तीही वागणुकीच्या प्रशिक्षणासोबत. घरातल्या माणसाच्या गोळीचा तुकडा कुत्र्याला देणे धोक्याचे आहे.

शिकवायचे कसे?

पाहुण्यांना, मुलांना, घरच्यांना सतत चाटणाऱ्या निरोगी कुत्र्याला शिकवणे तुलनेने सोपे असते. ज्या वागण्याचे बक्षीस मिळते ते वागणे टिकते, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी दाखवून दिलेले तत्त्व इथे लागू पडते. कुत्र्याने हात चाटला की कोणी हसते, कोणी ‘अरे नको रे’ म्हणून त्याला ढकलते, कोणी ओरडते. आपल्याला तो नकार वाटतो. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र ते लक्षच असते, म्हणजेच बक्षीस.

पहिला आठवडा नुसती नोंद ठेवावी. कुत्रा कधी चाटतो, काय चाटतो, त्याआधी काय घडले आणि नंतर घरातल्यांनी काय केले हे वहीत लिहावे. मोबाइलवर एखादा व्हिडिओ काढून ठेवला तर डॉक्टरांनाही उपयोग होतो.

त्यानंतर बक्षीस बंद करावे. चाटायला सुरुवात होताच काही न बोलता हात काढून घ्यावा, उठावे आणि पाठ फिरवावी. चाटणे थांबल्यावर काही क्षणांनी शांतपणे परत यावे. घरातल्या सगळ्यांनी हाच नियम पाळायला हवा. आजोबांनी लाडाने चाटू दिले आणि बाकीच्यांनी नाही, तर सवय आणखी चिवट होते. कधीतरी मिळणारे बक्षीस सवय सर्वांत घट्ट करते.

त्याच वेळी पर्यायी वागणे शिकवावे. ‘बस’ म्हटल्यावर बसणे, चटईवर जाऊन थांबणे किंवा तोंडात खेळणे घेऊन येणे. तोंडात चेंडू असलेला कुत्रा हात चाटू शकत नाही. ते केले की लगेच, एक-दोन सेकंदांत, उकडलेल्या चिकनचा किंवा भाकरीचा नखाएवढा तुकडा द्यावा. सराव दिवसातून तीन-चार वेळा, पाच-पाच मिनिटांचा पुरे. कांदा, चॉकलेट, मनुके मात्र देऊ नयेत, ते कुत्र्याला विषारी असतात.

इथेच अनेक घरे हार मानतात. बक्षीस थांबल्यावर पहिले काही दिवस चाटणे कमी होण्याऐवजी वाढते. नेहमीच्या बटणाने दिवा लागला नाही की माणूस ते पुन्हा पुन्हा दाबतो, तसेच हे. या टप्प्यावर कंटाळून एकदा जरी लाड केले तरी कुत्रा शिकतो की जास्त चिकाटीने चाटले की मिळते. म्हणून सुरुवातीची वाढ ही अपयशाची नव्हे, तर शिकवण लागू पडत असल्याची खूण समजावी.

मारणे, तोंड दाबून धरणे, हाताला किंवा जखमेला मिरची लावणे हे उपाय टाळावेत. त्यांनी भीती वाढते, भीतीने चाटणे वाढते आणि कधी कधी चाटणारा कुत्रा चावू लागतो. जखम असेल तर गळ्यात नरसाळ्यासारखी कॉलर घालून ती बरी होईपर्यंत चाटण्यापासून वाचवता येते. रोजचे फिरणे, वाटेत निवांत हुंगू देणे, खाऊ लपवून शोधायला लावणे यांनी कंटाळ्यातून येणारे चाटणे कमी होते. पावसातून आल्यावर चारही पंजे स्वच्छ पाण्याने धुऊन, बेचके कोरड्या फडक्याने पुसणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

‘चावला नाही, नुसता चाटला’

कुत्र्याची लाळ औषधी असते, त्याने चाटले की जखम भरते, असा समज अजून आहे. लाळेत काही जिवाणूंना मारणारे घटक असतात हे खरे. पण त्याच तोंडात पाश्चुरेला आणि कॅप्नोसायटोफॅगा यांसारखे जिवाणूही राहतात. प्लीहा काढलेल्या, प्रतिकारशक्ती कमी झालेल्या किंवा अति मद्यपान करणाऱ्या व्यक्तींमध्ये ते गंभीर संसर्ग घडवू शकतात. तान्ह्या बाळाचे तोंड आणि आजीच्या पायाची न भरणारी जखम कुत्र्याला चाटू देऊ नये. उलट बाजूही लक्षात ठेवावी. गुडघ्याला लावलेले डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक मलम कुत्र्याने चाटले तर त्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

सर्वांत मोठा धोका रेबीजचा. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर हा आजार जवळपास नेहमीच प्राणघातक ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार अखंड त्वचेवर चाटणे ही पहिली श्रेणी आहे. तिथे धुणे पुरेसे असते, लशीची गरज नसते. पण खरचटलेल्या, फुटलेल्या त्वचेवर किंवा डोळे, ओठ, तोंडाच्या आत रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याची लाळ लागली, तर ती तिसरी, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणी. रक्त निघालेल्या चाव्याइतकीच. भातलावणीत चिरलेल्या हातांवर आणि भेगा पडलेल्या पायांवर अनोळखी कुत्र्याची लाळ लागली तर ‘चावला तर नाही ना’ म्हणून सोडून देणे म्हणूनच महागात पडू शकते.

अशा वेळी ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट लावू नये. डोळ्यांत किंवा तोंडात लाळ गेली असेल तर साबण न वापरता भरपूर पाण्याने धुवावे. मग विलंब न करता आरोग्य केंद्र किंवा सरकारी रुग्णालय गाठावे. तिसऱ्या श्रेणीत लशीसोबत रेबीज इम्युनोग्लोब्युलिनचीही गरज असते. लशीचे सगळे डोस ठरलेल्या दिवशी पूर्ण करावेत.

आणखी एक सावधगिरी. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक बदलला, लाळ गाळू लागला, त्याला गिळता येईना, आवाज घोगरा झाला, तर ‘घशात हाडूक अडकले असेल’ म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला वेगळे ठेवून पशुवैद्यकाला कळवावे. हीच काळजी गाय-म्हशीच्या बाबतीतही घ्यावी. घरच्या कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची लस देणे आणि ती पशुवैद्यकाच्या सल्ल्याने नियमित चालू ठेवणे हा खरा बचाव आहे. राखणीला ठेवलेल्या गावठी कुत्र्यालाही ती तितकीच लागू आहे.

पंजांत काही नसेल, पोट ठीक असेल, लस झालेली असेल, तर उरते ती सवय. ती बदलायला काही आठवडे, खिशात थोडा खाऊ आणि घरातल्या सगळ्यांचे एकमत लागते. पण एकाच जागी सतत चाटणे दोन-तीन दिवसांत थांबले नाही, जखम ओली राहिली, किंवा कुत्रा लंगडू लागला, खाणे सोडले, तर शिकवणे बाजूला ठेवून त्याला डॉक्टरांकडे न्यावे.